गाडीचा वर्षावास

मांजर्लीत पावसाळा कधी लागला हे आम्ही ढगांवरून ठरवत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा निरोप आला, की लागला. निरोप दरवर्षी तोच असतो: "नदीची पातळी वाढते आहे. सभासदांनी आपापल्या गाड्या पुलावर न्याव्यात." मग अर्ध्या तासात इमारतीखालचं पार्किंग रिकामं होतं आणि बदलापूरच्या पूर्व-पश्चिमेला जोडणारा उड्डाणपूल कडेकडेने भरत जातो. बाहेरच्या माणसाला हे दृश्य चमत्कारिक वाटतं. आम्हाला नाही वाटत. उल्हास नदी एकदा घरात शिरून चहाची भांडी तरंगवून गेली, की माणूस आपोआप शहाणा होतो. गादी पलंगावरून कपाटावर जाते, कागदपत्रं माळ्यावर आणि गाड्या पुलावर.

यंदा निरोप आला तेव्हा मी गॅलरीत बसून आमच्या गाडीकडेच बघत होते. निळी ताडपत्री, तिला चारी बाजूंनी सुंभाचे फेरे, आणि वर साचलेलं पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी उल्हासनगरचा भंगारवाला क्रेन घेऊन येणार होता. सौदा झालेला होता. मी त्याला फोन करून विचारलं, पाणी चढलं तर काय? तो हसला. म्हणाला, "मॅडम, टेन्शन नका घेऊ. लोखंड भिजलं तरी वजन तेवढंच भरतं."

त्याचं खरंच होतं. भंगाराला काय ओलं आणि काय कोरडं! तरीही मी फोन ठेवला आणि बाळारामला लावला. बाळाराम म्हणजे चामटोलीचा आमचा मेस्त्री. म्हटलं, ये आणि गाडी पुलावर चढवून दे. तो म्हणाला, "काकी, उद्या तोरायची हाय ना ती?" म्हटलं, हो. उद्या तोडायची आहे. पण आज बुडायची नाही.

गाडी म्हणजे चारचौघांच्या गाडीसारखी गाडी नव्हे. अंबरनाथच्या ज्या कंपनीत मी टेलिफोन ऑपरेटर होते, त्या कंपनीची ही स्टाफ बस. छोटीच, पण बसच. ड्रायव्हरच्या मागची दुसरी खिडकी माझी. कितीतरी वर्षं त्या खिडकीला डोकं टेकून मी सकाळी झोपले आणि संध्याकाळी भाजीचा विचार केला. मी निवृत्त झाले, पाठोपाठ कंपनीने अंबरनाथचं बस्तान गुंडाळलं आणि सामानाचा लिलाव काढला. मिलिंद तिथे दोन खुर्च्या घ्यायला गेले होते. (लिहिताना नाव घेते आहे, समोर कधी घेतलं नाही. आमचा सगळा संसार 'अहो'वरच झाला.) गेले खुर्च्यांना आणि आले बस घेऊन. टायर पाहिले नाहीत, इंजिन पाहिलं नाही. "दुसरी खिडकी शाबूत आहे," एवढंच मला सांगितलं, आणि वर पेढ्यांचा पुडा पुढे केला.

मी त्या दिवशी जेवले नाही. निवृत्तीचा जो काही पैसा आला होता, त्यातला मोठा तुकडा या खटाऱ्यात गेला होता. आणि मला तेव्हा ठाऊक नव्हतं, की जुनी गाडी घेताना मोजलेले पैसे म्हणजे नुसता साखरपुडा असतो. लग्नाचा खर्च पुढे असतो आणि तो आयुष्यभर चालतो.

पण त्यांनी ती का घेतली, हे मला न सांगताच कळलं होतं. राग होता तो म्हणूनच फार दिवस टिकला नाही.

ऑपरेटरची नोकरी दिसायला बसून करायची. पण बोर्ड सोडून उठायचं नाही. बदलीची बाई येईपर्यंत थांबायचं, आणि बदलीची बाई दुपारशिवाय येत नसे. मग मी पाणीच प्यायचं सोडलं. सकाळी घरातून अर्धा कप चहा, पुढे काही नाही. बायकांना यात विशेष वाटणार नाही, पुरुषांना यात काय विशेष ते कळणार नाही. शरीर मात्र सगळं लक्षात ठेवतं. पन्नाशीत एक ऑपरेशन झालं, पुढे दुसरं, आणि त्यानंतर तासाभराच्या वर मला धीर धरवेना. विहारातल्या मंडळींबरोबर आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो होतो तेव्हा बस थांबवा म्हणून मी तीनदा सांगितलं. ड्रायव्हर दर खेपेला म्हणे, "ताई, पुढच्या ढाब्यावर." तो ढाबा काही येईना. पुढे काय झालं ते लिहीत नाही. मिलिंदनी आपली शाल माझ्या कमरेला गुंडाळली आणि सगळ्यांच्या मागून मला खाली उतरवलं. घरी आल्यावर बुद्धगयेच्या सहलीला नाव द्यायचं होतं. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "शैला, आपण आपल्या गाडीनं जाऊ. तुला कुणाला थांबव म्हणावं लागणार नाही."

मला वाटलं, बोलले आणि विसरले. ते विसरले नव्हते.

बस घेतली त्या वर्षी दिवाळीनंतरचे दिवस आम्ही उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये काढले. ऊन कोवळं होतं. लाकडाच्या भुशाचा वास, पॉलिशचा वास, गल्लीच्या तोंडाशी तळल्या जाणाऱ्या दालपकवानाचा वास. परसूशेठ म्हणजे तिथले सिंधी फर्निचरवाले. त्यांनी जन्मात बस आतून सजवलेली नव्हती, पण 'नाही' हा शब्द त्यांच्या दुकानात मिळत नसे. "साईं, बस बोलो ना. पलंग? बन जाएगा. बाथरूम? बन जाएगा. भाभी, तुम्ही फक्त रंग सांगा."

बाथरूम झालं. छोटंसं, शहाबादीच्या एका फरशीएवढं, पण दाराला आतून कडी. पलंग झाला, आणि त्याच्या उशाशी माझी खिडकी आली. मिलिंदनी ते मोजूनमापून करून घेतलं होतं. मग आला ओटा. गाडीत ओटा म्हणजे एक हलकी फळी टाकली की झालं. पण परसूशेठ कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे साईं, घर बनवायचं तर पक्कं बनव ना! भाभी काय प्लायवूडवर चपाती लाटणार?" आणि मिलिंद या एका वाक्यावर विरघळले. माझ्या घरच्या ओट्याला पहिल्यापासून कडप्पाच होता. ग्रॅनाइटच्या ओट्याची हौस मी त्यांना कधी काळी बोलून दाखवली असणार. मग काय, गाडीत काळाभोर ग्रॅनाइटचा ओटा बसला. खाली स्टीलची मांडणी बसली. बाथरूमला भिंतभर टाइल्स लागल्या. परसूशेठनी भेट म्हणून छताला छोटे दिवेही लावून दिले. गाडीत पाऊल टाकलं की उल्हासनगरातल्या एखाद्या नव्या फ्लॅटमध्ये आल्यासारखं वाटे.

आणि गाडी डावीकडे कलली.

सगळं वजन एका अंगाला. डाव्या बाजूचे पाटे बसले, म्हणजे गाडीचं ओझं ज्या लोखंडी पट्ट्यांवर तोललेलं असतं त्या दबल्या. बाळारामने गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि हात जोडले. "काकी, ही गारी नाय. ही चालती वन बीएचके हाय." त्या एका ओट्याने पुढे आम्हाला किती खाल्लं ते सांगता येणार नाही. पाटे बदला, डावे टायर आधी झिजतात म्हणून ते बदला, ब्रेकवर भार येतो म्हणून ते बघा. आतून केलेले बदल कागदोपत्री मंजूर करून घ्या, त्यासाठी आरटीओत पुन्हा पुन्हा जा. विमावाले विचारणार, ही बस आहे की घर? सोसायटी दोन गाड्यांची जागा अडते म्हणून दोन गाड्यांचं भाडं लावणार. मी एकदा म्हटलं, ओटा काढून टाकू या. मिलिंद म्हणाले, "काढू. बुद्धगयेहून आलो की काढू."

बुद्धगयेला निघायच्या आधी सराव म्हणून आम्ही मुरबाडमार्गे माळशेज घाटाच्या रस्त्याला लागलो. घाट चढायच्या आतच क्लचने जीव टाकला. जळक्या रबरासारखा वास, बोनेटमधून धूर, आणि आमची वन बीएचके रस्त्याच्या कडेला. टोइंगची गाडी यायला संध्याकाळ झाली. तोवर मी ग्रॅनाइटवर चहा केला, दोनदा बाथरूमला जाऊन आले, आणि पलंगावर आडवी होऊन खिडकीतून डोंगर बघितला. खरं सांगायचं तर मला मजा आली. मिलिंद मात्र येताना टोइंगच्या केबिनमध्ये पाकिटातले पैसे पुन्हा पुन्हा मोजत होते. टोइंगचं बिल आणि नवा क्लच यांत बुद्धगयेचं डिझेल गेलं.

त्यानंतर आषाढी पौर्णिमा आली. आमच्याकडे त्या दिवसापासून वर्षावास सुरू होतो. पावसाचे तीन महिने भिक्खूंनी फिरायचं नाही, एका जागी राहायचं आणि धम्म सांगायचा, अशी जुनी रीत. आम्ही संसारी माणसं तेव्हा विहारात रोज ग्रंथवाचनाला बसतो. शेजारीपाजारी विचारत, काय मिलिंदराव, गाडी कधी निघणार? ते म्हणत, "गाडी वर्षावासाला बसली आहे. अश्विन पौर्णिमेनंतर बघू." लोक हसत. तेही हसत. मला ते हसू बघवत नसे.

त्याच वर्षी नदी आली. मला आठवतो तो मोसम हाच. एरवी आठवणीत सगळे पावसाळे एकमेकांत मिसळून गेले आहेत, हा एकटा वेगळा राहिला आहे.

ग्रुपवर निरोप आला आणि आम्ही इतरांसारखी गाडी पुलावर नेली. इतर जण गाड्या लावून कुठे कुठे नातेवाइकांकडे जायच्या बेतात होते, पण तोवर खाली रस्ता दिसेनासा झाला. पुलावर आमच्या इमारतीतली आणि आजूबाजूची बरीच माणसं अडकली. आत बसायला मोटारी होत्या, खायला बिस्किटं होती. एकच गोष्ट नव्हती. पुरुष पुलाच्या टोकाशी जाऊन येत. बायका मोटारींत अवघडून बसल्या होत्या. तळमजल्याच्या जाधववहिनी काचेतून सारख्या आमच्या गाडीकडे बघत होत्या. त्या बघण्याची मला चांगली ओळख होती. मी दार उघडलं आणि म्हटलं, "वहिनी, या. लाजू नका."

पाच मिनिटांत दाराबाहेर रांग लागली. मिलिंद छत्री धरून पायरीशी उभे राहिले. बाईला उतरवायची, दुसरीला चढवायची, दोघींवर छत्री धरायची, आणि तोंड मात्र नदीकडे. मध्येच कुणी पुरुष घुसू लागला की म्हणत, "साहेब, ही लेडीज स्पेशल आहे." टाकीतलं पाणी संपलं तसे ते दोन कॅन घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून पूर्वेला गेले आणि कुठल्याशा हॉटेलातून भरून आणले. मी ओट्यावर पातेलंभर चहा ठेवला. पोहे केले. ग्रॅनाइटवर पहिल्यांदा खरोखरीचा पसारा झाला. ओल्या साड्यांचा, आल्याचा आणि फुगलेल्या प्लायवूडचा वास गाडीभर साचला. विहारात पाणी शिरलेलं, म्हणून त्या दिवशीची वंदनाही गाडीतच झाली. त्रिशरण म्हणताना कुणी पलंगावर, कुणी पायरीवर, जाधववहिनी बाथरूमच्या उंबऱ्यावर. वहिनी गणपतीवाल्या, पण त्यांनीही हात जोडले.

आम्ही पुलावर तीन दिवस राहिलो. घर खाली दिसत होतं, पहिल्या मजल्यापर्यंत बुडालेलं. खाली किती नुकसान झालं असेल याचा घोर होता. पण मी इतकी सुखात कधी नव्हते. खिडकीला डोकं टेकून झोपायचं, बाजूला मिलिंद, आणि खाली सगळीकडे पाणी. एका संध्याकाळी ते म्हणाले, "बघ, आलो की नाही आपण यात्रेला?" म्हटलं, घरापासून हाकेवर? ते म्हणाले, "किती लांब आलो ते महत्त्वाचं नाही. तुला कुणाला थांबव म्हणावं लागलं का?"

नाही लागलं.

पुढच्या थंडीत मिलिंद गेले. छातीत कळ आली, रिक्षा येईपर्यंत संपलं. त्याबद्दल मला आणखी काही लिहिता येत नाही.

गाडी राहिली. माणूस जातो तेव्हा त्याचे कपडे वाटता येतात, चष्मा कुणाला तरी देता येतो. ही एवढी थोरली वस्तू कुणाला द्यायची? बाळाराम म्हणाला, "चालती गारी डिझेल खातं काकी, उबी गारी मालकाला खातं." त्याचं म्हणणं मला पावसापावसाने पटत गेलं. उभ्या उभ्या टायर कडक होऊन चिरतात. बॅटरी आपोआप मरते. उंदीर वायरी कुरतडतात, आणि आमच्या उंदरांना सगळ्यांत महागाची वायर बरोबर सापडते. छत गळतं. गळतं म्हणून पत्रा गंजतो, गंजतो म्हणून जास्त गळतं. विमा दरवर्षी भरायचा, कशाचा ते विचारायचं नाही. पेन्शनीतून मी माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन पुढे ढकललं आणि गाडीच्या छताला रंग लावला. माझा मुलगा सिद्धार्थ बेंगळुरूला असतो. तो फोनवर वैतागला. "आई, अगं त्या डब्यावर घालवतेस तेवढ्यात तू चारदा विमानानं बुद्धगयेला जाऊन येशील."

हिशेब बरोबर होता. हिशेबात त्याने मला कधी हरू दिलेलं नाही. पण विमानात शेजारी कोण बसणार, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्याला रजा मिळत नाही, हे मला माहीत आहे.

बाळारामने बजावलं होतं की आठवड्यातून एकदा इंजिन चालू करायचं. मला गाडी चालवता येत नाही, चालू करता येते. दर रविवारी मी सुंभ सोडून आत जाई, किल्ली फिरवी आणि पलंगावर बसून राही. गाडी थरथरे, ओट्यावरचा रिकामा कप वाजे. बाहेरून पोरं म्हणत, आजी गाडीत बसून कुठे चालल्यात? रविवारची एवढी एक गोष्ट मला करायला होती. भंगारवाल्याने दोनदा विचारलं आणि दोन्ही वर्षी मी त्याला सांगितलं, वर्षावास संपला की बघू.

यंदा बघू म्हणायची सोय उरली नाही. गाडीच्या नोंदणीची मुदत दिवाळीच्या आत संपते. पुन्हा पाच वर्षं मिळवायची तर फी आहे, पर्यावरण कर आहे, आणि त्याआधी गाडी तपासणीत पास झाली पाहिजे. म्हणजे टायर, पाटे, ब्रेक, पत्रा, रंग. बाळारामने आकडा सांगितला तो मी सिद्धार्थला सांगितला नाही. भंगारवाल्याचा आकडा त्याच्या पावपटही नव्हता. शिवाय तो म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? तुमच्या गाडीत ग्रॅनाइटलाच काय तो भाव आहे." मी हो म्हटलं. शहाण्या माणसाने हो म्हणावं असंच ते होतं.

तर बाळारामने दुसरी बॅटरी जोडून गाडी चालू केली आणि कलत कलत पुलावर चढवली. भंगारवाल्याला कळवलं. तो खूशच झाला; पुलावरून उचलायला त्याला सोपं. बाळाराम जाताना म्हणाला, "काकी, तुमी घरी चला." म्हटलं, तू जा. मी शेवटचं बसते जरा.

मी टाकीत पाणी भरून घेतलं होतं. सवयीने मोठं पातेलं आणलं होतं. पातेलंभर चहा केला, दार उघडं ठेवलं आणि वाट बघत बसले. माणसं येत होती, गाड्या लावत होती, आणि निघून जात होती. आता सगळे शहाणे झाले आहेत. कुणी पूर्वेला हॉटेलात खोली घेतो, कुणी कॅमेऱ्यातून मोबाइलवर घर बघत बसतो. जाधववहिनी मुलीकडे राहायला गेल्या त्याला वर्ष झालं. पुलावर गाड्यांची रांग होती आणि आत कुणीच नव्हतं. चहावर साय धरली. पावसाचा आवाज पत्र्यावर तोच होता. मला मिलिंदची इतकी आठवण आली, की मी ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि मोठ्याने म्हटलं, "अहो, संपलं बरं का सगळं." कुणी ऐकणारं नव्हतं, म्हणून म्हणता आलं.

संध्याकाळी पाऊस जरा उणावला तेव्हा मला पुलाच्या मध्यावर ती दिसली. ट्रॅफिक पोलिसातली पोरगी, रेनकोट घातलेली, सव्वीस-सत्तावीसची असेल. शिट्टी वाजवत गाड्या एका बाजूला लावून घेत होती. मी सकाळी आले तेव्हाही ती तिथेच होती. ती आता एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होती, आणि हातातली पाण्याची बाटली तशीच, सीलबंद.

मी पायरीवर आले. "अगं, पाणी का पीत नाहीस?"

"असू दे काकू. ड्युटी आहे."

"सकाळपासून?"

"आठपासून. खाली पेट्रोल पंप आहे, पण पाणी आलंय तिकडं. आणि पॉइंट सोडता येत नाही."

मी पायरीवरून बाजूला झाले. मग म्हटलं, "आत बाथरूम आहे. कडी आहे आतून. पाणी आहे."

तिने आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुलावरच्या दुसऱ्या हवालदाराला हाताने खूण केली आणि आत गेली. मी छत्री उघडून पायरीशी उभी राहिले, तोंड नदीकडे करून. खाली आमच्या इमारतीच्या फाटकाशी पाणी आलं होतं, पण खांबावरची ओली खूण सांगत होती की ते ओसरायला लागलं आहे. सकाळपर्यंत रस्ता मोकळा होणार होता. क्रेन वेळेवर येणार होती.

ती बाहेर आली. तोंड धुतलेलं, केस नीट केलेले. मी गरम करून चहा दिला तो तिने ओट्याला टेकून उभ्याने घेतला. मग पाण्याची बाटली फोडली आणि अर्धी एका दमात प्यायली.

"भारी गाडी आहे काकू. ओटा तर घरच्यासारखा आहे."

"घरचाच आहे."

टोपी घालून ती पायरी उतरली. दोन पावलं गेली, आणि थांबून मागे वळली. विचारावं की नाही अशी घुटमळली.

"काकू, माझा पॉइंट उद्या पण इथंच आहे. उद्या आहे ना गाडी?"

"आहे," मी म्हटलं, आणि टाकीत पाणी किती उरलं आहे ते बघायला आत वळले.